प्रश्नवाली ताई

कामरगावच्या देवमनची पोरगी सुकेशनी नेमकं काम काय करते, हे तिच्या आईला, बेबीताईला, कधी कुणाला धड सांगता आलं नाही. कुणी विचारलं की ती म्हणायची, "दवाखान्याच्या कामावर हाये." मग पुढचा प्रश्न यायचाच, "नर्स हाये का?" "नाही व, कागदं भरते." "म्हंजे तलाठ्यावानी?" इथवर आलं की बेबीताईचं डोकं फिरायचं. "डोक्यानं बिमार लोकायले प्रश्न इचारते माही पोरगी, अन् त्याचा पगार घेते! झालं तुमचं समाधान?" समाधान कुणाचंच व्हायचं नाही. नुसते प्रश्न विचारायचा कुणी पगार देतं का, असं लोकांना वाटायचं. पण बेबीताई सांगायची ते अक्षरशः खरं होतं.

सुकेशनीनं वाशीमला एम.एस.डब्ल्यू. केलं होतं आणि त्यानंतर दोन वर्षं ती घरी बसून होती. असल्या कामातल्या माणसाची गोष्ट सांगताना लोक एखादं मोठं कारण शोधतात. लहानपणी घरात कुणी वेडं होतं, त्याला बांधून ठेवलेलं तिनं पाहिलं, तेव्हाच मनाशी ठरवलं, वगैरे. तसलं काहीएक नव्हतं. तिला नोकरी पाहिजे होती, जाहिरात निघाली, ती कारंज्याला मुलाखतीला गेली आणि लागली. एवढंच. माया नंतर लागली, आणि फार लागली, हेच तर दुखणं आहे.

कारंज्यात बी-बियाण्याच्या एका दुकानावर दोन खोल्या घेऊन प्रकल्पाचं ऑफिस थाटलं होतं. बाहेरगावच्या डॉक्टरांचा अभ्यास होता. ज्यांना नसलेले आवाज ऐकू येतात, सगळं गाव आपल्या वाईटावर आहे असं वाटत राहतं, अशी जिल्ह्यातली दीडशे-दोनशे माणसं त्यांनी घरच्यांच्या संमतीनं अभ्यासात घेतली होती. गोळ्या सगळ्यांना सारख्याच, सरकारी दवाखान्यातून. पण त्यातल्या निम्म्या घरांत दर आठवड्याला एक शिकवून तयार केलेली मुलगी जायची. बाजेवर बसून बोलायची, गोळ्यांची आठवण द्यायची, पेशंटला बाजारात फिरवून आणायची, त्याच्यावर खेकसू नका म्हणून आईबापाला समजवायची. उरलेल्या निम्म्या घरांत नुसत्या गोळ्या. कुठल्या घरी भेटी आणि कुठल्या घरी नाही, ते कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचा. वर्षानं पाहायचं की भेटींनी काही फरक पडला का.

फरक पडला का ते कुणीतरी मोजायला पाहिजे, आणि ते मोजणारी सुकेशनी. सुरुवातीला, सहा महिन्यांनी आणि वर्षानं, असं तीनदा प्रत्येक घरी जायचं, तीस मुद्द्यांचा कागद काढायचा, तासभर बोलायचं आणि प्रत्येक मुद्द्यापुढे एक ते सातमधला आकडा मांडायचा. एक म्हणजे काही त्रास नाही. सात म्हणजे माणूस पार हातचा गेला.

आता इथं एक भानगड आहे. ती नीट ऐकून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. या घरी भेटी होतात की नाही, हे मोजणारीला कळता कामा नये. कळलं की तिचा हात नकळत झुकतो. भेटीवाल्या घराला ती बरे आकडे देऊन बसते. म्हणून या कामात मोजणारीला 'ब्लाइंड' ठेवतात. भेटवाल्या मुली एका खोलीत, प्रश्नवाल्या दुसऱ्या खोलीत. डबेसुद्धा वेगवेगळे खायचे. आणि घरात पाय ठेवल्याबरोबर सुकेशनीचं पहिलं वाक्य ठरलेलं, "तुमच्या घरी कोण येते, काय करते, ते मले बिलकूल सांगू नका." तरी एखादी म्हातारी बोलून जायचीच, "ते मंगळवारची पोरगी लय गुणाची हाये बाप्पा!" झालं. याला फॉर्म फुटला म्हणायचे. मग साहेबांना कळवायचं, वेगळा कागद भरायचा आणि ते घर दुसऱ्या मोजणारीकडे द्यायचं.

सुकेशनीचा एकही फॉर्म फुटला नव्हता. बाकीच्यांचे चार-चार, पाच-पाच फुटले. हिचा एक नाही. त्यात तिचा हातखंडाच होता. बाई काय बोलणार ते तिच्या चेहऱ्यावरून ओळखायचं आणि तोंड उघडायच्या आत तळहात आडवा धरायचा, "थांबा माय!" मोठे डॉक्टर महिन्याच्या मीटिंगला यायचे, तेव्हा सगळ्यांसमोर सांगायचे की काम करावं तर सुकेशनीसारखं. ती ते घरी देवमनला सांगायची, आणि देवमन विहाराच्या ओट्यावर बसून आल्यागेल्याला सांगायचा. पोरीचं कौतुक बापानं नाही तर कुणी करायचं?

योगिनी भेटवाली होती. योगिनी म्हणजे सुकेशनीची लहानपणापासूनची मैत्रीण, घरामागच्या गल्लीतली. दोघींनी एकाच दिवशी अर्ज केले. एक या खोलीत लागली, एक त्या खोलीत. सकाळी कामरगावहून एकाच काळीपिवळी जीपमध्ये बसून कारंज्याला जायच्या, संध्याकाळी बहुतेक एकीतच परतायच्या. पण कामाचा शब्द काढायचा नाही. कुणाचं लग्न जमलं, कुणाची सासू कशी आहे, पिवळा ड्रेस आटला की काय, सगळं बोलायच्या. योगिनी दिवसभर कुणाच्या घरी होती तेवढं सोडून. पहिले काही दिवस दोघींना याचं हसू यायचं. पुढे सवय झाली.

प्रश्नवालीच्या यादीत सत्तेचाळिसावा होता धनजचा शिवम. वय चोवीस. बाप नथ्थू, आई प्रयागबाई. गावाला लागून यांचा दीड एकराचा मळा. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, भेदरं म्हणजे टमाटे. पहाटे तोडायचं, जुड्या बांधायच्या आणि कामरगावच्या बाजारात नेऊन विकायचं. शिवम आयटीआयला वायरमनचं शिकत होता. दुसऱ्या वर्षी त्याला विहिरीवरच्या मोटारीतून कुणीतरी बोलतंय असं वाटायला लागलं. मग मोबाइलमधून. मग कशातूनच नाही, नुसतं कानात. "चाल," म्हणायचं ते. कुठं ते सांगायचं नाही. नुसतं, चाल, निघ.

सुकेशनी पहिल्यांदा गेली तेव्हा तो मोटारीच्या खोलीमागे भिंतीकडे तोंड करून बसला होता. अंघोळ नाही, दाढी वाढलेली. तीस मुद्द्यांचा कागद संपायला अडीच तास लागले. आवाजाच्या मुद्द्यापुढे तिनं सहा मांडले. ती उठायला लागली तेव्हा त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमाले नाही येत का आयकू?" ती म्हणाली, "नाही रे भाऊ, मले नाही येत." तो म्हणाला, "चांगलं हाये तुमचं." यात टोमणा नव्हता. त्याला खरंच बरं वाटलं होतं की एखाद्याला तरी हा त्रास नाही.

सहा महिन्यांनी गेली तर शिवम भेदरं क्रेटमध्ये भरत होता. दाढी केलेली, अंगात धुतलेला शर्ट. आवाज येतात, पण लांबून येतात म्हणाला. "कोनी दुसऱ्याच्या वावरात बोलून राह्यलं असं वाटते. आपल्याले काय करा लागते?" सुकेशनीनं तीन मांडले आणि तिला एवढा आनंद झाला की फाट्यापर्यंतचं अंतर ती जवळजवळ पळतच गेली. भेटी आहेत की नुसत्या गोळ्या, हे तिला ठाऊक नव्हतं आणि तिनं मनातसुद्धा अंदाज बांधला नाही. इतकी ती पक्की होती. आज वाटतं, थोडी कच्ची असती तर काय बिघडलं असतं!

वर्षाची तपासणी फेब्रुवारीत आली. शिवम बाजेवर ताठ बसला आणि भराभर उत्तरं देऊ लागला. आवाज? नाही येत. कधीपासून? लय दिवस झाले. कुणाची भीती? नाही. झोप? येते. कुठं निघून जावंसं वाटतं? नाही. एकेक उत्तर असं की दुसऱ्या वेळी कुणीही खूश व्हावं. डोळे तेवढे तिच्यावर न ठरता कुंपणाकडे जात होते. तिच्या ते लक्षात आलं. पण मेथी चरायला गाय येते म्हणून तो तिकडे पाहतोय, असं तिनं स्वतःला समजावलं, कारण तिला ते तसंच पाहिजे होतं. आवाजाच्या मुद्द्यापुढे तिनं एक मांडला. पूर्ण बरा. तिच्या यादीतला असा तो तिसराच.

प्रयागबाई तिला पोचवायला फाट्यापर्यंत आली. एरवी ती कधी यायची नाही. मळ्यातून हलायला बाईला सवड नसायची. रस्ताभर नुसती पदराचं टोक पिळत चालली. फाट्यावर लिंबाखाली उभं राहिल्यावर म्हणाली, "ताई, एक सांगा लागत होतं. ते आपल्या घरी येत जाय ना..."

सुकेशनीचा तळहात वर गेला.

"थांबा माय! काहीच सांगू नका. माहा फॉर्म फुटते."

"तसं नाही व, मी काय म्हणतो..."

"नाही, नाही. तुमाले पह्यल्या दिवशीच सांगतलं होतं ना? कोन येते, कोन नाही येत, मले सांगाचंच नाही. माही नोकरी जाईन माय."

नोकरी काही जाणार नव्हती. एक कागद भरावा लागला असता, बस. पण असं म्हटलं की बायका लगेच गप्प होतात, हे तिला अनुभवानं कळलं होतं. प्रयागबाईही गप्प झाली. "बरं बाई," म्हणाली, "तुमच्या पोटावर पाय नाही आना लागत मले." तेवढ्यात कारंज्याकडून काळीपिवळी आली. खच्चून भरलेली. सुकेशनी मागच्या दारातून कशीबशी आत शिरली, आणि आतून कुणीतरी तिचा हात धरून तिला जागा करून दिली. योगिनी होती. दोघी कामरगावपर्यंत एका लग्नाबद्दल बोलत गेल्या.

बाराव्या दिवशी शिवम घरातून गेला.

तिला ते सोमवारच्या मीटिंगमध्ये कळलं. ऑफिसचं काम पाहणारे साहेब यादी वाचत होते. अमुक फाईल, गाव सोडलं. तमुक फाईल, यायला नकार. "सत्तेचाळीस, बेपत्ता. पोलिसात तक्रार दिलेली आहे. वर्षाची तपासणी आधीच झालेली आहे, त्यामुळे आपल्या आकड्यांना धक्का नाही." आणि पान उलटलं. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याच्यापुढे आणखी साठ फायली होत्या. पण सुकेशनीच्या हातातला पेन खाली पडला, आणि तो उचलायला वाकली ती तशीच वाकून राहिली, कारण वर यायचं म्हणजे लोकांना तोंड दाखवायचं. पलीकडच्या खोलीतून कुणाच्या तरी रडण्याचा आवाज येत होता. नियमाप्रमाणे कोण ते तिनं विचारलं नाही.

त्या आठवड्यात तिला जेवण गेलं नाही. तिच्या डोक्यात एकच घर करून बसलं होतं: त्या दिवशी फाट्यावर प्रयागबाई काय सांगणार होती? कदाचित काहीच नसेल. म्हणत असेल, येत जाय ना ती पोरगी, तिच्याकरता भाजी न्या. असं तर असं. तेवढं जरी कळलं तरी तिला दोन घास जाणार होते. बेबीताई म्हणाली, "अवं पोरी, त्या पोट्ट्याचं नशीब त्याच्यापाशी. तू काहून सुकून राह्यली?" सुकेशनी म्हणाली, "आई, तिनं तोंड उघडलं होतं, अन् म्या बंद केलं." बेबीताईला नीट कळलं नाही. तिनं भाकर झाकून ठेवली.

रविवारी ती कुणाला न सांगता धनजला गेली. अभ्यासाच्या माणसानं कामाशिवाय घरी जायचं नाही, हाही नियमच. प्रयागबाई बांधावर बसून सांबाराच्या जुड्या बांधत होती. नथ्थू नव्हता. तो शिवमचा फोटो घेऊन बडनेऱ्याला गेला होता, तिसऱ्यांदा. शिवम अमरावतीच्या एसटीत चढताना एकानं पाहिला होता. त्यापुढे काही माग नाही. जाताना त्यानं बापाला "येतो" म्हटलं होतं, आणि बापाला वाटलं दाढी करायला चालला.

"माय," सुकेशनी म्हणाली, "त्या दिवशी फाट्यावर तुमी काय सांगत होत्या?"

प्रयागबाईनं मान हलवली. "नाही बाई. तुमचा तो फारम फुटते."

"फुटू द्या."

"नोकरी जाईन म्हणलं होतं तुमी. घरी म्हातारे मायबाप हाये तुमच्या."

अहो, काय म्हणावं या बाईला! पोटचा पोरगा गेला, आणि ही दुसरीच्या नोकरीची काळजी वाहतेय. सुकेशनी तिथंच बांधावर बसली आणि तिला रडू फुटलं. पहिल्यांदा. प्रयागबाईनं जुडी खाली ठेवली, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग तसाच हात फिरवता फिरवता सांगितलं.

भेटवाली योगिनी या घरी दर आठवड्याला यायची. शिवमचा तिच्यावर जीव होता. तिनं म्हटलं की तो अंघोळ करायचा, गोळी घ्यायचा, तिच्याबरोबर बाजारात जाऊन दुकानावर बसायचा. भेटी दहा महिन्यांच्याच होत्या. डिसेंबरात ती सांगून गेली की आता येणं बंद. पंधरा दिवस बरे गेले. मग त्यानं मोबाइल विहिरीत टाकला, त्यातून आवाज येतो म्हणून. योगिनीचा नंबर त्यातच होता. गोळी जिभेखाली धरायचा आणि मेथीत थुंकायचा; प्रयागबाईला वाफ्यात सापडल्या. दवाखान्यात चल म्हटलं की अंगावर यायचा. रोज सकाळी उठून कपडे घडी करायचा, परत सोडायचा. चाल म्हणते, म्हणायचा.

"मले काय सांगाचं होतं," प्रयागबाई म्हणाली. "एवढंच, का तुमी एकाच दवाखान्यातल्या, तं त्या योगिनीताईले येकडाव पाठवून द्या. येकडाव. तिचं आयकते तो."

सुकेशनीला पहिल्यांदा काही जाणवलंच नाही. मग आठवली ती काळीपिवळी. धरलेला हात. करून दिलेली जागा. पाच मिनिटं. तिनं त्या बाईला दोन वाक्यं बोलू दिली असती, तर पाच मिनिटांनी योगिनी जीपमधून खाली उतरली असती. ती उलटी सरकली, जणू प्रयागबाईचा हात आपल्या पाठीवर असणं हाच गुन्हा आहे. आपल्याला शिव्या द्याव्यात, निदान उठून जा म्हणावं, असं तिला वाटत होतं. प्रयागबाई म्हणाली, "तुमचं काय चुकलं बाई. तुमाले मनाई होती." आणि पुन्हा जुडी उचलली.

संध्याकाळी ती सरळ मागच्या गल्लीत गेली. योगिनी अंगणात भांडी घासत होती. सुकेशनीनं एका दमात सगळं सांगितलं. योगिनीच्या हातातली थाळी राखेत राहिली. "मी त जीपमंदीच बसून होती व," ती म्हणाली. "बंद म्हणजे बंद, भेटीले जायाचं नाही, असं होतं. पण तू सांगतलं असतं तं नियम गेला असता खड्ड्यात, मी तशीच उतरून गेली असती." योगिनी रागावली नाही, आणि तेच वाईट होतं. त्यानंतर दोघी जीपमध्ये एकमेकींशेजारी बसायच्या, पण लग्नाच्या गप्पा काही पुन्हा सुरू झाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सुकेशनीनं आपला पहिला फुटलेला फॉर्म भरला. मोठे डॉक्टर त्या आठवड्यात आले, तेव्हा तिनं दार लावून त्यांना सगळं सांगितलं. डॉक्टर चांगला माणूस. त्यांनी चष्मा काढला, पाणी मागवलं, आधी तिला प्यायला लावलं. म्हणाले, "अगं, नियमांच्या वहीत स्पष्ट लिहिलंय. जिवाला धोका असेल तर ब्लाइंड बाजूला ठेवायचं आणि ऐकून घ्यायचं."

"सर, ऐकल्याशिवाय धोका हाये का नाही, हे कसं समजन?"

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या अभ्यासात बदल करू म्हणाले, आणि केलाही असेल.

मग तिनं खरी मागणी केली. "सर, म्या एक लिहिला त्याच्यापुढे. ते चूक हाये. तो आवाज ऐकत होता, गोळ्या थुंकत होता, मले खोटं सांगत होता. ते आकडे बदलून द्या."

"नाही बदलता येत, सुकेशनी. त्या दिवशी त्यानं जे सांगितलं, तू जे पाहिलं, तो तो आकडा. नंतर कळलेल्या गोष्टींवरून आपण आकडे बदलायला लागलो, तर अभ्यासाला अर्थ काय उरेल? उद्या प्रत्येक जण बदलेल."

म्हणणं बरोबर होतं. तिलाही ठाऊक होतं की बरोबर आहे. तिनंच नव्या मुलींना ते शिकवलं होतं. तरी ती म्हणाली, "मंग तुमच्या कागदात तो बरा झालेला राहीन?" डॉक्टर म्हणाले, "हो. राहील."

ती नोकरी तिनं सोडली नाही. सोडली असती तर गोष्ट सांगायला बरी झाली असती, पण देवमनला त्याच उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला आणि घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. ती घरोघर जात राहिली. फक्त तळहात आडवा धरायचं तिनं सोडलं. बायकांना ती बोलू द्यायची, शेवटपर्यंत. तिचे फॉर्म धडाधड फुटायला लागले. सहा, सात, नऊ. मीटिंगमध्ये तिचं नाव आता वेगळ्या कारणासाठी घेतलं जायचं. ती मान खाली घालून ऐकायची.

सव्वा वर्षानं अभ्यास संपला. निकाल चांगला आला. भेटी दिलेल्या घरांतली माणसं जास्त सुधारली, पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवलं, टाळ्या झाल्या. जास्त सुधारलेल्यांत शिवम होता. सुकेशनी आलेखातल्या त्यांच्या रंगीत खांबाकडे पाहत राहिली आणि त्यातला तिचा एक आकडा कुठं असेल ते शोधत राहिली. मग अभ्यासात आलेल्या सगळ्या कुटुंबांना आभाराची पत्रं वाटायची ठरली. सत्तेचाळीस नंबरचं पत्र पोस्टानं पाठवा म्हणाले. ती म्हणाली, मी नेऊन देते.

उन्हाळ्याची दुपार होती. मळ्यात निम्मे वाफे मोकळे पडलेले. नथ्थू ओसरीत बाजेवर डोळ्यांवर दुपट्टं टाकून पडला होता. सव्वा वर्षात त्यानं अकोला, शेगाव, वर्धा, भुसावळ पालथं घातलं होतं. कुणी काही सांगितलं की निघायचा. आदल्या दिवशीच कुठूनसा रिकाम्या हातानं परतला होता. प्रयागबाईनं पाणी दिलं आणि पत्र घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं त्याच्यावरून बोट फिरवलं.

"याच्यात शिवमचं नाव हाये का?"

"नाव नसते माय. नंबर असते."

"मंग त्या नंबरापुढं काय लिवलं त्याचं?"

घरून निघतानाच सुकेशनीनं ठरवलं होतं की आता काही झाकायचं नाही. त्या दिवशी मी चुकीचं लिहिलं, माझ्याच हातानं लिहिलं आणि ते आता कुणाला खोडता येत नाही, हे या बाईला सांगून टाकायचं. वाक्यसुद्धा तिनं जीपमध्ये जुळवलं होतं. पण प्रयागबाईनं ते विचारलंच नव्हतं. तिनं विचारलं होतं काय लिहिलं, आणि त्याचं खरं उत्तर एकच होतं.

"बरा हाये, असं लिवलं," ती म्हणाली.

प्रयागबाई पत्राकडे पाहत राहिली. मग ती ओसरीकडे वळली आणि हलक्या आवाजात, नवऱ्याची झोप मोडू नये पण कानावर तर जावं, अशा बेतानं म्हणाली, "आयकलं का जी? आपला शिवम बरा हाये म्हणते."

नथ्थू ताडकन उठून बसला. दुपट्टं खाली पडलं. त्याचे पाय बाजेखाली चपला शोधायला लागले होते.

"कुठी हाये?" त्यानं विचारलं.